नलूताईंचा अंदाज

नलूताई देशकर रागावल्या की आवाज चढवत नसत. चष्मा काढून पदराने पुसत बसत. बालाघाटला सरकारी बांधकामाच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली होतो. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडायचे आणि किती दिवसांत किती ताकद आली ते साहेबांना कळवायचं, हे आमचं काम. "उन्हाळ्यात काँक्रीट धावते, थंडीत रांगते," ताई म्हणत. "त्याले काहून दटावून राह्यले?"

एका डिसेंबरात लामत्याच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीचा स्लॅब रामाजी नावाच्या नव्या ठेकेदाराने ओतला. साहेबांच्या मर्जीतल्या माणसाला डावलून काम त्याला मिळालं होतं. सातव्या दिवशी त्याचे ठोकळे नियमापेक्षा कमी दाबाला फुटले.

"स्लॅब कच्चा आहे. तोडून टाका," साहेब म्हणाले.

ताईंनी चष्मा काढला. "ठोकळे स्लॅबजवळच, थंडीत ठेवले होते साहेब. दर हिवाळ्यात मी हेच पाहून राह्यली. सुरुवातीले मागं राहतात, अठ्ठाविसाव्या दिवशी पुरे भरतात. हेही भरतील. टेकू राहू द्या, थांबा."

"अंदाजावर सरकार चालत नाही, बाई."

"मंग तोडायचा अंदाज कोणाचा?"

साहेब थांबले नाहीत. लगेच घण चालले. स्लॅब फुटता फुटत नव्हता, मजूर कुरकुरत होते, रामाजी खाली मान घालून उभा होता. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

राखून ठेवलेले ठोकळे ताईंनी ठरल्या दिवशी साहेबांदेखतच दाबले. काटा हव्या त्या आकड्यापुढे गेला तरी ठोकळा शाबूत. बऱ्याच वेळाने फुटला.

"आता काय उपयोग? रिपोर्ट पाठवू नका," साहेब म्हणाले.

ताईंनी तो त्याच दिवशी वर पाठवला. उत्तर आलं ते त्यांच्या बदलीचं, थेट जगदलपूरला. दवाखान्याचं काम रखडलं. त्या पावसाळ्यात लामत्याच्या बाया अडल्या की बैलगाडीत घालून बालाघाटला आणाव्या लागत. रामाजीला पुन्हा सरकारी काम मिळालं नाही.

निरोपाला साहेब हार घेऊन आले. ताई म्हणाल्या, "हार राहू द्या. लामत्याले जाऊन रामाजीची माफी मागा."

साहेबांना थट्टा वाटली, ते हसले. ताई हसल्या नाहीत. सरळ स्टँडवर गेल्या आणि लामत्याच्या बसमध्ये बसल्या.

पुढे कधीतरी रामाजी बाजारात भेटला. म्हणाला, "बाई घरी आल्ती. चहाही नाही घेतला. तुझा स्लॅब पक्का होता, एवढंच सांगाले आल्ती."