उजवा पाय

माजी सैनिकांच्या दवाखान्यात कृत्रिम पाय बसवणारे मिस्त्री तोंडाचे फटकळ. वरून निधी आटल्यापासून नवा पाय येईना आणि जुन्यांची डागडुजी करता करता त्यांच्या नाकी नऊ आले होते.

आज एक बाई वारलेल्या नवऱ्याचा पाय घेऊन आल्या. "भाऊ, कुणाच्या तरी कामी येईल."

बाकावर पलटणीतला म्हातारा आचारी आपला तडकलेला पाय मांडीवर घेऊन बसला होता. मिस्त्रींनी लगबगीनं बाईंनी आणलेला पाय उचलला आणि ते चरफडले, "छे! हा उजवा. काका, तुमचा डावा गेलाय."

"ठाऊक आहे," आचारी बाईंकडे बघत म्हणाला. "सुरुंग फुटला तेव्हा एकाच गाडीत होतो आम्ही. वहिनी, तो म्हणत होता, माझ्या बाजूला बस. मीच ऐकलं नाही, नाहीतर माझाही उजवाच गेला असता."