काचांवरची विभूती

खंडेनवमीला सकाळी वडवणीच्या स्टँडवर उतरले, तेव्हा पिशवी दुकानात टाकून तडक गच्चीवर जायचं, एवढंच डोक्यात होतं. खाली आमचं हार्डवेअरचं दुकान, वर घर आणि त्याच्यावर गच्ची. गच्चीवर माझ्या काचा होत्या.

मी पुण्यात पॉलिमर कोटिंगच्या प्रयोगशाळेत काम करते. सोलर पॅनेलच्या काचेवर द्यायचा एक पातळ थर आम्ही तयार करत होतो. त्यात सिलिकाचे इतके बारीक कण असतात, की काच दिसायला साधीच राहते. पण धूळ तिच्यावर घट्ट बसू नये, वाऱ्यापावसाने निघून जावी अशी अपेक्षा. प्रयोगशाळेतल्या यंत्रात उडवलेली धूळ वेगळी आणि बीडच्या रस्त्यावरून उठणारी वेगळी. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला मी आमच्या विभागप्रमुखांना म्हटलं, "सर, काचा आमच्या गच्चीवर लावू."

"घरी कुणी हात लावला तर?"

"आमच्याकडे कुणी लावणार नाही."

हे मी फार ठामपणे बोलले. घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. माझ्या पुस्तकावर आईने कधी कपबशीसुद्धा ठेवू दिली नाही. त्या भरवशावर बोलले.

काही काचांना थर दिलेला, काही साध्या, सगळ्या एका तिरक्या स्टँडवर. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पुण्यात जरा वारा सुटला की मी अप्पांना फोन करायचे. ते दुकानातून म्हणायचे, "हायत बाई, हायत. माकडं बी आली न्हाईत." आता दसऱ्याला काचा उतरवून न्यायच्या, त्यांच्यातून किती उजेड पार होतो ते मोजायचं. आकडे चांगले आले तर थराची मोठी चाचणी होणार होती. नाही आले तर काम बंद, आणि मला दुसऱ्या विभागात टाकणार होते.

जिन्याच्या वरच्या पायरीवरच मला त्या चमकताना दिसल्या. चमकायला नको होत्या. निदान साध्या काचा तरी नको होत्या.

प्रत्येक काचेवर विभूतीची तीन बोटं, खाली कुंकू, वर झेंडूचं फूल.

मागून अप्पा आले. अंघोळ झालेली, कपाळ भरलेलं, चेहरा खुललेला. "दुकानातले काटे, पाने, टेप समद्याची पूजा झाली. म्हणलं, लेकीची हत्यारं कावून ऱ्हावीत?"

"अप्पा, पुसल्या का ह्या?"

"मंग! लई धूळ बसलती. वल्या फडक्यानं लख्ख केल्या, मंगच विभूती लावली. घाणीवर देव बसतो काय?"

संपलं होतं. कोणत्या काचेवरची धूळ आपोआप गेली आणि कोणती अप्पांच्या फडक्याने, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. वर बोटांचं तेल आणि राख होतीच. मी कसंबसं हे सांगितलं. अप्पांचा चेहरा उतरला. खांद्यावरचं फडकं ओढत ते पुढे झाले, "थांब, आत्ता काढतो."

"नका हात लावू!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू वळल्या. "काय गं, सणासुदीचं आल्या आल्या बापावर वरडतीस? ह्याच्यासाठी शिकीवली व्हय तुला?"

अप्पा हळूच म्हणाले, "पर तुमच्याकडं बी करतेत की. गेल्या साली तूच फोटू पाठवलता. मशीनीला हार, कुंकू."

पाठवला होता. ऊन-पावसाचा मारा देणाऱ्या आमच्या यंत्राच्या दाराला सरांनी स्वतः कुंकू लावलेलं. अप्पांनी तो फोटो गिऱ्हाइकांना दाखवला होता.

"ते यंत्र आहे, अप्पा. ही हत्यारं न्हाईत. हे नमुने हायत."

"नमुना तर तू हायस," ते म्हणाले. एरवी दोघं हसलो असतो. त्या वेळी कुणाला हसू आलं नाही.

मी तिथूनच सरांना फोन लावला. पलीकडे आरतीची घंटा वाजत होती. मी सगळं सांगितलं.

"सगळ्या पुसल्या?"

"सगळ्या."

"मग मोजून उपयोग नाही. त्या बाद धरा."

"सर, नव्या लावू द्या. इथंच. धूळ खरी इथलीच आहे."

"तुम्हीच म्हणाला होतात, कुणी हात लावणार नाही."

"हो, सर."

घंटा थांबली. "वर विचारून सांगतो," ते म्हणाले. आमच्याकडे 'विचारून सांगतो'चे दोन्ही अर्थ निघतात, आणि मला त्या क्षणी कुठलाच धरवेना.

अप्पा स्टँडपाशी उकिडवे बसले होते. "काय म्हणले?"

"विचारून सांगतेत."

"आन् नव्या लावल्या, तर मंग पूजा कुठं करू? ऱ्हायली म्हणजे बरं दिसत न्हाई."

मला रडू येत होतं आणि रागही. "स्टँडच्या पायाला करा. काचेला न्हाई."

त्यांनी वाकून स्टँडचे चारी पाय बघितले, एका पायाचा गंज नखाने खरवडला. मी फोन हातात धरून गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. खालून आई जेवायला हाका मारत होती.