नमुन्यातलं नाव

पडद्यावर इंग्रजीत मजकूर उमटला. कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या सहकारी, पुढे माझं नाव, आडनावासकट, यांचे काल निधन झाले.

खोलीत खसखस पिकली. मेले होते मी, आणि कीबोर्डवर हातही माझेच होते.

"छान दिसतंय," राव सर सगळ्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "तोंड काय पाडतेस ग? नुसता नमुना आहे. नमुन्यानं कोण मरतं?"

राव सर आमच्या विभागाचे प्रमुख. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कानडी मुलखात, बसवनगुडीत, पण घरात मराठी. मी नागपूरकडची, बनशंकरीत भाड्याच्या खोलीत राहणारी, कंपनीच्या बसनं इलेक्ट्रॉनिक सिटीत येणारी. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून ते हरखले. "आपलीच मुलगी की!" मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "सरी, सरी," असं कानडीत 'बरं, बरं' म्हणाले आणि समोरच्या फायलीत डोकं घातलं. त्यानंतर मी कधी त्यांची 'आपली' झाले नाही.

नव्वदीचं दशक सरत आलेलं. ई-मेल नवं होतं आणि साहेब लोकांना त्याचं भारी कौतुक. कर्मचाऱ्यांना जाणाऱ्या सगळ्या सूचना त्यावरून पाठवायच्या ठरल्या. त्यासाठीची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मी लिहिली. मजकूर ठरलेला, नावाची जागा रिकामी. स्क्रिप्ट नावं भरणार आणि एका फटक्यात सगळी पत्रं रवाना करणार. गेलेलं पत्र परत बोलावता येत नाही, म्हणून पाठवण्याआधी एक नमुना पडद्यावर दिसायचा. त्यात कुणाचं तरी नाव लागायचंच.

बढतीच्या नमुन्यात राव सरांनी स्वतःचं नाव घालायला लावलं. बोनसच्या नमुन्यात मोठ्या साहेबांचं. निलंबनाचा मजकूर आला तेव्हा मी सवयीनं पुन्हा राव सरांचंच नाव टाकायला गेले. त्यांनी माझा हातच धरला.

"छे छे! अभद्र पत्रात चांगल्या घरच्याचं नाव नको. तुझं घाल की. तुम्हा लोकांना काय होतंय?"

तुम्हा लोकांना! मी घातलं. निलंबित झाले, बडतर्फ झाले आणि शेवटी त्या दिवशी मेलेही. कॉम्प्युटर शिकलेले लोक, पण वाईट पत्रातल्या नावाला सगळे भीत होते. सगळ्यांचा अपशकुन मी अंगावर घ्यायचा आणि त्यांनी हसायचं.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून बाबांना सांगितलं. हसण्यावारी न्यावं म्हणून सांगत होते, पण बाबा हसले नाहीत.  

"तुह्या आज्यानं उभा जनम लोकायच्या मौतीचे सांगावे वाह्यले," बाबा म्हणाले. "कोनी मेलं का याले धाडत. उन्हातान्हात पायी जाय. शिवेवरून ओरडून सांगे. पानी वरून ओतत. पन पोरी, सोताच्या मौतीचा सांगावा तं त्यानंबी नाय नेला."

मी फोन ठेवला. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. सूड हवा होता.

पुढे कामं आटली. कंपनीनं माणसं कमी करायचं ठरवलं. त्या पत्राचा नमुना मोठ्या साहेबांना दाखवून राव सरांनी स्वतः सगळी पत्रं पाठवायची होती. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. पक्की करायच्या कागदावर सही राव सरांची लागायची.

"नमुन्यात तुझंच नाव," ते आदल्या दिवशी म्हणाले. "आणि तोंड नीट ठेव. पक्की व्हायचंय ना?"

"हो सर," म्हटलं. जागेवर आले आणि स्क्रिप्टमध्ये एक बदल केला. पत्रं पाठवण्यासाठी जो लॉगिन करेल, नमुन्यात त्याचंच नाव येईल. तो नमुना त्यानं मान्य केल्याशिवाय एकही पत्र बाहेर जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी खोली भरली. राव सर ऐटीत पुढे आले, स्वतःच्या नावानं लॉगिन केलं, मोठ्या साहेबांकडे बघून हसले. पडद्यावर आलं : प्रिय राव, आपल्या सेवेची कंपनीला यापुढे गरज नाही.

त्यांचा हात छातीकडे गेला, शर्टातून जानवं चाचपायला लागला. "सर?" ते मोठ्या साहेबांना म्हणाले. आवाज चिरकला. क्षणभर त्यांना ते खरंच वाटलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काढ! आधी काढ ते!"

"नुसता नमुना आहे, सर. नमुन्यानं कोण मरतं?"

या वेळी कुणी हसलं नाही. मला मात्र गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? आतून थंड वाटलं. मोठे साहेब घड्याळ बघत इंग्रजीत म्हणाले, "राव, लवकर आटपा." राव सरांना स्वतःच्या नावाखाली 'मान्य' दाबावं लागलं. त्यांचं बोट खाली जाताना मी डोळे भरून पाहिलं.

नंतर त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. देवाचं नाव घेऊन झालं होतं, कपाळावर ताजा अंगारा होता.

"तो बदल काढून टाक. नाहीतर पक्की होणार नाहीस. घरी पाठवीन."

"नाही काढणार."

"काय?"

"मला काढायचं तर काढा, सर. मजकूर तयार आहे. माझं नाव भरा, लॉगिन करा. पण पाठवण्याआधी नमुन्यात तुमचं नाव वाचावं लागेल."

ते कॉम्प्युटरकडे बघत राहिले. हात काही पुढे होईना.

मी दार सताड उघडलं आणि जागेवर येऊन बसले. ठेवोत नाहीतर काढोत. यापुढे ज्याचा सांगावा त्यानंच वाहायचा. मी नेणार नाही.