आईनं बंद पाडलेली उत्क्रांती

आमच्या आईनं राहात्यात उत्क्रांती बंद पाडली, आणि तीही पाहुणे यायच्या ऐन दिवशी.

पाहुणे म्हणजे शेवगावचे जीवशास्त्राचे सर. मुलीला घेऊन मला बघायला येणार होते. (खरं तर मुलानं मुलीकडं जायचं असतं. पण सरांना माझं 'संशोधन' बघायचं होतं!) आधीच्या स्थळांनी "मुलगा दिवसभर करतो काय?" एवढंच विचारून अर्धा चहा टाकून काढता पाय घेतला होता. म्हणून या वेळी मी मध्यस्थाला ठोकून दिलं, "सांगा, मुलगा कॉम्प्युटरवर उत्क्रांतीचा अभ्यास करतो!"

करत होतो काय, तर गेम खेळत होतो. पडद्यावर एक केसाळ जोडपं सोडायचं. त्यांना पिल्लं होणार, पिल्लांना पिल्लं. गवत थोडं आणि मागं लांडगा. जो पळेल तो जगेल, आणि जगेल त्याचीच पिल्लं पुढं. माझे जीव इतके चपळ झाले होते की लांडग्याला धाप लागायची! सरांपुढं लांडगा सोडायचा आणि मुलगी पटकावायची, असा बेत.

त्या सकाळी कटिंगला जाताना मी ऐटीत म्हणालो, "आई, याच्याकडं लक्ष ठेव. सगळी एकाच जोडप्याची प्रजा आहे!"

घात झाला तो तिथंच. (बटणं मीच तिला शिकवली होती. 'आमची आई कॉम्प्युटर चालवते' हे गल्लीभर सांगायची हौस!)

कटिंग, दाढी, वर मालिश करून येतो तर पडद्यावर गवतच गवत. जीव फुगून टम्म. लांडगा कोंडवाड्यात. आणि मधोमध कुंपण. अलीकडं नर, पलीकडं माद्या!

"आई! हे काय केलंस?"

"आरं, उपाशी हुती लेकरं. एक तर माझ्यादेखत मेलं!"

"मरायलाच पाहिजे ते!"

"आपल्या दारातनं कुत्रं बी उपाशी जात न्हाई, शहाण्या!"

"आणि हे कुंपण?"

आईनं आवाज खाली आणला. "तूच म्हन्लास ना, एकाच जोडप्याची हायेत? म्हंजी सगळी भावकी की रं! अन् खुशाल एकमेकांशी संसार थाटून बसल्यात! पाव्हण्यांनी बघितलं तर तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

मागं जायची सोय या गेममध्ये नव्हती. आणि दारात गाडी वाजली.

सर चष्मा पुसून पडद्यापुढं बसले. शेजारी त्यांची सुनंदा. खरं सांगतो, ती उंबरा ओलांडतानाच मला आवडली होती. त्यामुळं घाम जास्तच फुटला.

"हे हलत का नाहीत?" सरांनी विचारलं.

"पोटं भरल्यात त्यांची," पोहे पुढं करत आई म्हणाली.

"मग यांची पुढची पिढी?"

"भायेरचं स्थळ मिळंना!"

मी घाईघाईनं लांडगा सोडला. आतातरी पळतील! कसले पळतायत! एकही उठला नाही. एकानं तर शेपूट लांडग्याकडं करून चरणं चालू ठेवलं. लांडगा ओळीनं खात सुटला.

"आगं आई गं! धर त्याला, मुडद्या!" आई किंचाळली, आणि तिनं भिंतीतला प्लगच उपटला. सगळी सृष्टी क्षणात काळी!

"निष्कर्ष काय काढायचा?" सरांनी गंभीरपणे विचारलं. मला जागच्या जागी रडू यायचं बाकी होतं. सुनंदा तोंडावर रुमाल दाबून हसत होती. गेलं, हेही स्थळ गेलं!

आणि आठवड्यात चक्क होकार आला! माझी कॉलर ताठ. लग्नानंतर एकदा मिशीवर ताव देत विचारलं, "काय गं, माझ्यात असं काय बघितलंस त्या दिवशी?"

"तुमच्यात?" सुनंदा म्हणाली. "तुमच्याकडं बघत होतं कोण! मी सासू पसंत केली. तिच्याबरोबर तुम्ही आलात!"