मापाची काठी

माझा खोंड चोरीला गेला त्या सकाळी मी सगळ्यात आधी एका म्हाताऱ्याच्या कानाखाली वाजवली.

खोंड काष्टीच्या बाजारातला. समोरचा व्यापारी चार वेळा उठून गेला, चार वेळा परत आला, तेव्हा सौदा जमला. वाटणीत विहीर थोरल्या भावाला गेली आणि मला खडकाळ माळ आला. त्या माळावरून उठून मी जनावरांच्या व्यापारात उभा राहिलो, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. आठवड्यापूर्वी भावाने कुळवायला दोन दिवस खोंड मागितला, तेव्हाही टपरीवर चार माणसांत ऐकवलं. "आन्ना, विहीरच जुंपा की औताला. हौसेनं घेतली ना?" लोक हसले. तो अर्धा चहा ठेवून निघून गेला.

म्हाताऱ्याच्या घराकडे गावची राखण पेशवाईपासून, असं तो सांगतो. तेव्हाची रीत अशी, की चोरी झाली तर राखणदाराने चोर धरून द्यायचा, नाहीतर नुकसान स्वतः भरायचं. पावलांचा माग शेजारच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला, तर पावलाच्या मापाची काठी तिथल्या राखणदाराच्या हातात द्यायची. काठी दिली की हा मोकळा, चोरी त्या गावाची. राखण गेली, इनाम गेलं. संशय मात्र त्या घरावर राहिला. गावात काही हरवलं की लोक आधी तिथे जातात. मीही गेलो.

"कुठं नेलास रं?" म्हणालो आणि हात चालवला. माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याने खाली पडलेली टोपी झटकली.

"आनखी मारायचं आसंल तर मारा, शेठ. पर उन्हं चढायच्या आत माग बघू द्या. वारा सुटला की फुफाट्यात काय ऱ्हात न्हाई."

खोंडाच्या पुढच्या डाव्या खुराची कड तुटलेली होती. तेवढ्यावरून मी सौद्यात भाव पाडला होता. म्हाताऱ्याने ठशाएवढी बाभळीची काठी तोडली आणि तुटक्या कडेच्या जागी खाच पाडली. गर्दीने माग मोडतो म्हणून लोकांना पारापाशी थांबवलं आणि आम्ही दोघेच निघालो. तो वाकून पुढे, मी मागे. ओढा ओलांडला, बांध ओलांडला. डांबरी सडक आली तसा मी म्हणालो, "हरवला ना?"

"आमच्या घरात माग हरवत न्हाई." पलीकडे जाऊन त्याने काठी टेकवली. खाच बरोबर बसली.

माग भावाच्या विहिरीमागच्या छपरात शिरला. खोंड कडबा खात होता. भाऊ समोरच उभा होता.

"दोन दिसांनी आनून बांधनारच हुतो," तो म्हणाला. "सरळ मागितला, तर तू लोकांत हसं केलंस."

मला भांडायला हवं होतं. त्याऐवजी डोक्यातला व्यापारी जागा झाला. भावकीचं नाव जाईल, पाहुण्यांत तोंड दाखवता येणार नाही. म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. "सडकेवर माग हरवला म्हन. एक शेळी देतो."

तो गप्प.

"दोन देतो."

सौद्यात गप्प बसणारा माणूस भाव वाढवत असतो, एवढंच मला कळत होतं.

"शेठ," तो म्हणाला, "खोंड परत येईस्तवर गाव चोर कुनाला म्हनंल?"

खोंड तिथेच ठेवून मी पाराची वाट धरली. पारापाशी पोचल्यावर तो तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "सडकेवर माग हरवला."

"चोरानंच माग काढल्यावर हरवनारच की!" कुणीतरी म्हणालं. टपरीवर हसलेलीच माणसं हसली.

म्हाताऱ्याने काठी माझ्या हातात दिली. "घ्या. आता माग तुमच्याकडं." आणि घरी गेला. शेळ्यांचं नावही काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी खोंड माझ्या दारात बांधलेला होता. म्हाताऱ्याने भिऊन सोडला, असं गावाने ठरवलं. मी ते ठरू दिलं.

याला चार वर्षं झाली. काठी गोठ्याच्या आढ्याला खोचलेली आहे. म्हातारा भेटला की मी आता अहो-जाहो करतो, म्हणजे अजून स्वस्तात सुटायला बघतो. त्याची सून कांदा काढायला गेली, तर निघताना तिची पिशवी तपासतात. परवा ती पिशवी माझ्यासमोर उलटी केली. जेवणाचा रिकामा डबा आणि विळा निघाला.

विहिरीचा राग माझ्या पोटात अजून आहे. तरी त्या संध्याकाळी भावाकडे गेलो. हे सगळं लिहून पारापाशी वाचणार, म्हणालो.

"माझं नाव घे," तो म्हणाला. "पर त्येच्या आधी तू मारलंस ते सांग."

म्हणून ते पहिल्या ओळीत घातलं आहे. म्हाताऱ्याला निरोप धाडला आहे. तो येईल की नाही, माहीत नाही. काठी घेऊन मी जाणार आहे.