गोंदणाऱ्या मावशीचा हात

"डोळे मिट आन माहेराला जाऊन ये. तवर झालंच."

असं म्हणून ती सुई आधी स्वतःच्या हाताला टोचायची. "आदी मला, मंग तुला. बग, रडले का मी?" समोरची बाई हसायची आणि तीच सुई तिच्या हातावर उतरायची. तेलगावच्या बाजारात लिंबाखाली गोणपाट टाकून बसणारी ही गोंदणारी मावशी. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. पण दुसऱ्याची भीती घालवायला आधी स्वतःला टोचून घेणारी मी तरी दुसरी पाहिली नाही. तिचा डावा हात त्या ठिपक्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत हिरवा झाला होता.

गोंदताना ती माहेर विचारायची. दारात झाड कसलं, विहिरीला पाणी किती, बाप रागीट का मऊ. नाव मात्र कधी विचारायची नाही. बाई सांगत जायची, मावशी हुंकार देत टोचत जायची. रस्त्यानं कापसाचे टेम्पो जायचे आणि मागं पांढरे पुंजके कितीतरी वेळ हवेत तरंगत राहायचे. अशा दुपारी निम्म्या बाया बसल्या जागी पेंगायच्या.

"सासर का विचारत नाहीस गं मावशी?" मी एकदा म्हटलं.

"सासर समद्यांचं सारकंच आसतंय, बाई. ते इचारून काय करू?"

मी जवळच्या एका दवाखान्यात रक्त तपासते. दिवसभर हातमोजे घालून सुया सांभाळणारी मी, एका बाजारी स्वतःच तिच्यापुढं बसले. मनगटावर तुळस हवी होती. "मावशी, सुई नवी घे की," म्हटलं तर ती दुखावली. "धुतलीया की लिंबाच्या पाण्यानं. वास घ्या." मी शहाणी, वास घेतला! डोळे मिटले आणि खरंच धारूरला पोचले, किल्ल्यामागच्या आमच्या सीताफळांत. डोळे उघडले तेव्हा तुळस झाली होती. नोकरीला लागताना लशीचे डोस घेतले होते म्हणून माझं निभावलं. पण मी तिला तिथंच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

पुढं एका हिवाळ्यात ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. त्याआधी रक्त तपासावं लागतं. पट्टीवर एकच रेघ यायला हवी होती. तिच्या पट्टीवर दोन आल्या. हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचाच एक प्रकार.

"कावीळ? माजे डोळे कुटं पिवळे हायत?"

"ही डोळ्यांत न दिसताही रक्तात राहते, मावशी. वर्षानुवर्षं. आणि सुईला लागलेल्या रक्तातून दुसऱ्याच्या अंगात जाते. नुसती धुऊन सुई स्वच्छ होत नाही."

ती आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिली. "म्हंजी मी आदी मला टोचायची, आन मंग..." कुणाकडून कुणाला गेलं हे रक्त सांगत नाही, असं मी म्हणाले. ते खरं होतं, पण तिला त्याचा काही उपयोग नव्हता.

मग एकदम तिनं विचारलं, "पोटातल्याला बी व्हतंय का?"

दसऱ्याच्या बाजारात तिनं एका पोरीच्या हातावर मोर गोंदला होता. पोरीचं पोट नुकतंच दिसू लागलेलं. दिवाळीनंतर ती ऊसतोडीला जाणार होती. मी सांगितलं, आईला असेल तर जन्मताना बाळाला होऊ शकतं. पण जन्मल्याबरोबर, पहिल्या दिवसाच्या आत इंजेक्शनं मिळाली तर बहुतेक बाळं वाचतात. फक्त बाळंतपण दवाखान्यात व्हायला हवं, फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत नको.

"नाव काय तिचं?"

"म्या कुटं इचारलंय नाव? शिरूर कासारच्या पल्याड माहेर हाय. दारात दोन बोरी. एकीची बोरं आंबट, एकीची गोड. आन बाप रेडिओ उशाला घिऊन निजतोय."

पिशवीतून सुयांची जुडी काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवली. "ह्या तुमच्या वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाका." ऑपरेशन तसंच टाकून, त्या धुरकट डोळ्यांनी, ती एसटी स्टँडकडं चालू लागली.

पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी फोनवरून तिचा आवाज आला. "बोरी घावल्या, बाई. दोनी बी चाखून बगितल्या." गावोगाव लोकांची दारं बघत फिरली होती ती. पोरीच्या आईकडून ठिकाण कळलं आणि मावशी त्या आईला घेऊन थेट तोडीवर जाऊन बसली. तिकडच्या दवाखान्यात पोरीचं रक्त तपासलं. तिलाही निघालं.

इकडं आम्ही मावशीकडं गोंदवलेल्या बायांना बोलावून तपासत होतो. काहींचे उपचार सुरू झाले. मावशी मात्र बाजारात परत दिसली नाही. लिंबाखाली आता एक जण मोबाइलची कव्हरं विकतो.

यंदा ती पोरगी माझ्याकडं आली. कडेवर सव्वा वर्षाची लेक. मावशी तोवर तोडीवरच राहिली होती, आणि कळा सुरू झाल्याबरोबर तिनं मुकादमाला ट्रॅक्टर काढायला लावला होता, म्हणाली. दवाखान्यात बाळंतपण झालं, तासाभरात इंजेक्शनं मिळाली, पुढचे डोसही वेळेवर झाले. मी लेकीचं रक्त तपासलं. स्वच्छ. मी नाचायचीच काय ती बाकी होते.

"मावशीला कधी सांगू असं झालंय मला," म्हटलं.

"मावशी गेली, मॅडम. मागल्या आखाडात. त्या काविळीनं पोटात पानी झालतं."

मी खुर्चीत बसले. ती सांगत राहिली.

लेक झाली त्या दुपारी मावशी वॉर्डच्या दाराबाहेर बसून होती. आत येईना. दोन्ही हात पदराखाली. हात लावल्यानं काही होत नाही, असं नर्सनं दोनदा सांगितलं, तरी नाही. "ह्या हातांनी नगं," एवढंच म्हणत होती.

"मंग म्याच उठले," पोरगी म्हणाली. "टाके व्हते, तरी उठले. लेक तिच्या मांडीवर ठिवली आन म्हनलं, धर आता, न्हाई तर पडंल."

"धरली?"

"धरली की. उन्हं कलली तरी भिताडाला टेकून बसलेली. मी पाजायला मागायले, तर मलाच दटावती, थांब जरा, निजलीया."