दगड रोवायच्या आधी

प्रकाशा गावच्या मंगलाबाईंच्या हातचं पपईचं रोप मरत नाही, असं शहाद्यापर्यंतचे शेतकरी सांगतात; आणि शेतकरी माणूस उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या रोपवाटिकेत पिशव्या भरल्या, बी टोचलं, झारीनं पाणी घातलं. मालक बदलले, शेडनेट दोनदा वाऱ्यानं उडालं, पण बाई तिथेच. चोपन्नाव्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं की आता स्वतःची रोपवाटिका टाकायची. नवरा एसटीतून निवृत्त झालेला, थंड डोक्याचा माणूस. तो म्हणाला, टाक की, पण कशावर? अंगणात तर तुळशीलाच जागा पुरत नाही.

जागा होती, ती माहेरी, रनाळ्याला. नंदुरबारच्या अलीकडे-पलीकडे कुठेही रनाळ्याचं नाव काढलं की लोक शेतीचं विचारतात, त्यातलीच वडिलांची आठ एकर कोरडवाहू आणि लागून तीन एकर विहिरीचं शेत. वडील गेल्यावर सगळं मोठा भाऊ हेमकांत कसत होता. मंगलाबाईंचा जीव त्या विहिरीत अडकलेला. विहीर खोदली तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या, मातीच्या छोट्या पाट्या डोक्यावरून वाहायच्या. खाली पाणी लागलं तेव्हा वडिलांनी पहिली ओंजळ त्यांच्या तोंडाला लावली होती. गढूळ होतं, पण ती चव त्या अजून विसरलेल्या नाहीत. शिवाय साधा हिशेब होता: पाण्यावाचून रोपवाटिका होत नाही, आणि त्या अकरा एकरांत पाणी फक्त तिथे होतं.

हेमकांतला आधी गोडीनं विचारलं. त्यानं साडीचोळीची आठवण करून दिली, दिवाळीला कधी रिकाम्या हातानं पाठवलं का म्हणाला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मंगलाबाई शहाण्याच होत्या, पण त्यांच्याकडे दुसरी पायरी उरली नव्हती. नंदुरबारच्या दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लागला. सहा वर्षं तारखा पडल्या आणि एका सोमवारी निकाल आला.

आठ एकरांत बहीणभावाचा निम्मा-निम्मा हिस्सा. विहिरीचं शेत मात्र वाटपातून बाहेर, कारण त्याचं खरेदीखत हेमकांतच्या एकट्याच्या नावावर होतं. कोर्टानं हा प्राथमिक हुकूमनामा केला. पुढे मोजणी होईल, कुणाचा तुकडा कुठला ते ठरेल, मग अंतिम हुकूमनामा.

वकीलसाहेबांनी बाहेर आल्यावर सांगितलं होतं, ताई, विहिरीचं मान्य नसेल तर अपील करावं लागेल, तीस दिवस आहेत. मंगलाबाईंनी मान हलवली. मान हलवण्यात त्या पटाईत. मनात मात्र म्हणाल्या, अजून मोजणीचा पत्ता नाही, अंतिम निकाल बाकी आहे, आत्तापासून कसली घाई?

ही चूक दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. त्यांच्या घराण्याकडूनच व्हायची. त्या घरात वाटणीची एक रीत होती. वडीलधारा माणूस ओट्यावर बसून हिस्से सांगायचा, तेव्हा सगळ्यांनी ऐकून घ्यायचं, हूं की चूं करायचं नाही. बोलायचा दिवस वेगळा. शेतात बांधाचे दगड रोवले की घरातला थोरला पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहायचा आणि तीनदा विचारायचा, कुणाचं काही आहे का? ज्याचं असेल त्यानं तेव्हा बोलायचं. कुणी बोललं नाही की दगडावर पाणी ओतायचं. मग मरेपर्यंत त्या विषयावर तोंड उघडायचं नाही. दगडाआधी बोलणारा उतावळा समजला जाई. मंगलाबाईंच्या आत्यानं अशीच तिसऱ्या हाकेला तोंड उघडून आंब्याचं झाड मिळवलं होतं, आणि ही गोष्ट माहेरी पुरणपोळीइतक्या चवीनं सांगितली जाई. तेव्हा मंगलाबाईही मोठ्या रुबाबात गप्प बसल्या. मोजणीच्या दिवशी काय बोलायचं, ते त्यांनी पिशव्या भरता भरता पाठसुद्धा करून टाकलं.

एक गोष्ट तेवढी बरी झाली. बाईंना कागद जपायचा भारी नाद. बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांचे गठ्ठे घरात होते, मग कोर्टाचा कागद कसा सोडतील? निकालानंतर आठव्या दिवशी त्यांनी वकिलांच्या कारकुनाकडे सही करून नकलेचा अर्ज दिला, आणि मग विसरून गेल्या.

तो कारकून म्हणजे पितांबर. तीस वर्षं वकिलांच्या फायली वाहून त्याचा एक खांदा खाली आलेला, पण कुठली तारीख कुठल्या कोर्टात हे त्याला डायरी न उघडता सांगता येई. वकीलसाहेब मुलीच्या लग्नासाठी नाशिकला, पितांबर स्वतः तापानं अंथरुणावर. उठून कामावर आला आणि नक्कल विभागात गेला, तर मंगलाबाईंची नक्कल तयार होऊन एकोणीस दिवस पडून. त्यानं बोटांवर मोजलं आणि त्याचा ताप पुन्हा चढायची वेळ आली. फोन केला, तर बाई अनोळखी नंबर उचलत नाहीत. शेवटी त्यानं प्रकाशाची एसटी धरली.

मंगलाबाई पिशव्यांच्या रांगेत बसल्या होत्या. पितांबर समोर उकिडवा बसला, आणि अपिलाचं काय ठरवलं म्हणून विचारलं. बाईंनी मोठ्या समजुतीनं त्यालाच समजावलं की, कच्च्या निकालावर कोण भांडतं, अंतिम होऊ द्या, दगड रोवायला येतील तेव्हा बोलीन. पितांबरनं कपाळाला हात लावला.

"आक्का, कोर्टमा दगड रोवाना दिन कोनी इचारत नही," तो म्हणाला. "कोन्ता शेतमा तुमना हिस्सा शे आनि कोन्तामा नही, हाई ठरी गयं. बोलाना दिन हाऊच शे. नकलना दिन सोडीसन आते तीन दिन उरनात."

मग त्यानं सावकाश सांगितलं. नकलेचा अर्ज दिल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस तिसांत धरत नाहीत, म्हणूनच हे तीन उरले. नाव प्राथमिक असलं तरी हक्काचा निवाडा त्यातच झालेला असतो, आणि त्यावर अपील करता येतं. नव्हे, तेव्हाच करावं लागतं. अंतिम हुकूमनामा फक्त जमिनीवर रेघ ओढतो. त्यावर अपील केलं तर रेघ वाकडी आहे एवढंच म्हणता येतं. विहिरीचं शेत का वगळलं, हे तेव्हा कुणी ऐकून घेत नाही. दिवस उलटल्यावर उशिराच्या माफीचा अर्ज असतो, पण घरच्या रिवाजामुळे थांबले हे कारण कुठलं कोर्ट किती मनावर घेईल, याचा भरवसा त्यालाही नव्हता.

मंगलाबाईंनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. रोप कुठल्या जातीचं, ते पिशवीत बी टोचतानाच ठरतं. लागवडीच्या दिवशी ठरतो तो नुसता खड्डा. इतकी वर्षं हे काम करूनही आपल्याला हे कळू नये, याची त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. आणखी तीन दिवस गेले असते, तर पाठ केलेलं सगळं भाषण बैल गेला अन् झोपा केला अशा थाटाचं झालं असतं, आणि विहीर आयुष्यभर बांधापलीकडून बघावी लागली असती. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मातीच्या हातानंच पुसलं. मग उठल्या आणि मुलीला, रुपाला, स्कूटर काढायला सांगितली.

वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी परतले. फाईल उलगडल्यावर त्यांनीच एका कागदावर बोट ठेवलं: हेमकांतच्या शाळेचा दाखला. खरेदीखत झालं तेव्हा हेमकांत नववीत होता. नववीतला पोरगा तीन एकर शेत कशानं घेणार? घेतलं वडिलांनी, घरच्या कापसावर. नाव फक्त थोरल्या मुलाचं लावलं. हा कागद खालच्या कोर्टातही होता, पण निकालात त्याचा उल्लेखच नव्हता. एक दिवस हाताशी असताना जिल्हा न्यायालयात अपील दाखल झालं. पावतीचा कागद बाईंनी पिशवीत ठेवला, काढून पाहिला, परत ठेवला.

नोटीस गेली तसा हेमकांत प्रकाशाला आला. चहा घेतला नाही. त्याला अपिलाचा राग होताच, पण त्याहून जास्त लागलं होतं ते वेगळंच.

"तू घरनी रीत मोडी," तो म्हणाला. "दगडना आधी बोलनी."

मंगलाबाईंना हे बोलणं झोंबलं, कारण महिनाभर त्या स्वतःलाही हेच म्हणत होत्या. तरी त्या शांतपणे बोलल्या.

"घरनी रीत घरमा, भाऊ. तू घरमा माले इचारं नही. कोर्टमा गयात मंग कोर्टनी रीत."

हेमकांत उठून गेला. त्या वर्षी दिवाळीला साडी आली नाही. भाऊबीजेला मंगलाबाईंनी चंद्राला ओवाळलं आणि नवऱ्यावर उगाचच चिडल्या. खरं सांगायचं तर त्या वर्षभर विहिरीपेक्षा भावाचीच उणीव त्यांना जास्त टोचली.

अपिलाला दोन वर्षं लागली. जिल्हा न्यायालयानं दाखला पाहिला, सातबारे पाहिले, आणि विहिरीचं शेतही घराचंच असल्याचं ठरवून वाटपात घेतलं, तिथेही निम्मा-निम्मा. हेमकांतनं वर जायचं ठरवलं नाही. वकिलानं सांगितलं म्हणून, की शाळेचा दाखला पुन्हा पुन्हा पाहावा लागेल म्हणून, ते त्याचं त्याला माहीत.

यंदा होळीच्या आधी रनाळ्याला मोजणी आली. भूमापकानं तिपाईवर यंत्र लावलं, खुणा केल्या, बांधाचे दगड रोवले, पंचांच्या सह्या घेतल्या. रेघ विहिरीच्या कडेनं गेली. पाणी दोघांचं, दिवस वाटून. सरकारी काम तिथे संपलं आणि भूमापक यंत्र पेटीत भरायला लागला. तेव्हा हेमकांत विहिरीवर गेला आणि तांब्या भरून आणला. सत्तरीला टेकलेला माणूस, दगडापाशी येऊन उभा राहिला. घरातला थोरला आता तोच होता.

"कोनं काही शे का?" त्यानं विचारलं, आणि नजर सरळ बहिणीकडे होती. दुसऱ्यांदा विचारलं. भूमापक काम थांबवून पाहत राहिला.

मग हेमकांतनं तिसऱ्यांदा विचारलं. मंगलाबाईंना ते पाठ केलेलं भाषण अजून अक्षर न् अक्षर आठवत होतं. ते ज्या दिवशी करायचं होतं, तो दिवस त्यांनी जिल्हा न्यायालयात गाठला होता. आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मन्हं काही नही," त्या म्हणाल्या. "ओत पानी, भाऊ."

हेमकांतनं दगडावर अर्धा तांब्या ओतला. उरलेला त्यानं बहिणीपुढे धरला, आणि तिनं ओंजळ केली.